ग्राफिक्स कार्डाचे हप्ते नंतर

गेमचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचे म्हणून हप्त्यांवर ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघाला असाल, तर आठवडाभर थांबा. एखाद्या ऑफिसातून निघालेला, सेकंड हँड घेतलेला चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम आणि साधा मॉनिटर. किंवा कॉलेजच्या अभ्यासासाठी घेतलेला बेताचा लॅपटॉप. एवढ्या सामानावर लोक शेवटपर्यंत बघतील असा व्हिडिओ होतो. तो होत नाही तेव्हा बहुतेक वेळा दोष मशीनचा नसतो, मशीनवर एका वेळी किती ओझं टाकलंय त्याचा असतो. आई-वडिलांकडे नव्या कार्डाची मागणी करण्याआधी हे ओझं उतरवून बघा, असं माझं तुम्हाला कळकळीचं सांगणं आहे.

पाहणाऱ्याच्या बाजूने विचार करा. आपल्याकडे बहुतेक जण फोनवरच व्हिडिओ बघतात. फोनच्या पडद्यावर चित्र थोडं मऊ असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण गाडी वळताना चित्र अटकलं, किंवा तुमचा आवाज पंख्याच्या घरघरीत बुडाला, की बोट लगेच पुढच्या व्हिडिओवर जातं. म्हणून आधी सलगपणा, मग आवाज, आणि बारीक तपशील सगळ्यात शेवटी, हा क्रम धरा. सोळा-सतरा वर्षांची बरीच मुलं नेमकी उलट्या क्रमाने सुरुवात करतात. सगळं '१०८०पी ६०'वर लावतात, रेकॉर्डिंग अडखळतं, आणि मग स्वतःच्या कॉम्प्युटरला नावं ठेवतात.

या आकड्यांमागे काय आहे ते एकदा मांडून बघू. १९२० गुणिले १०८० म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० ठिपके. सेकंदाला अशी ६० चित्रं न दाबता साठवायची म्हटली तर एका सेकंदाला सुमारे ३७३ एमबी होतात. गेम चालू असतानाच, त्याच मशीनला हा सगळा डोंगर दाबून लहान करायचा असतो. आता १२८० गुणिले ७२० घ्या. ठिपके ९,२१,६०० वर येतात. सेकंदाला ३० चित्रं घेतली तर एकूण काम साडेचार पटींनी कमी होतं. सेटिंगमधले दोन आकडे बदलून एवढा फरक पडतो, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. साध्या कॉम्प्युटरवर सुरुवात ७२०पी आणि ३० फ्रेम्सवरच करा. ते महिनाभर नीट चाललं की पुढचं बघता येईल.

रेकॉर्डिंगसाठी ओबीएस स्टुडिओ घ्या. २०१२पासून चालत आलेलं, पूर्णपणे मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. त्यात वॉटरमार्क येत नाही, वेळेची मर्यादा नाही. त्याच्या अधिकृत साइटवरूनच उतरवून घ्या. पैसे द्यावे लागणाऱ्या रेकॉर्डरची 'क्रॅक' आवृत्ती टेलिग्रामवरून किंवा मित्राच्या पेनड्राइव्हवरून अजिबात घेऊ नका. अशा फायलींतून पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम येतात, आणि कष्टाने वाढवलेलं चॅनल एका रात्रीत दुसऱ्याच्या ताब्यात जातं. मोफत आणि चांगली गोष्ट हाताशी असताना हा धोका कशाला? ओबीएससुद्धा जड वाटलं, तर विंडोज १० आणि ११मध्ये गेम बार आधीपासूनच असतो. विंडोज, ऑल्ट आणि आर ही बटणं एकत्र दाबली की रेकॉर्डिंग सुरू होतं, पुन्हा दाबली की थांबतं. त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये फ्रेम्सचा वेग कमीजास्त होत राहतो आणि एडिटिंगमध्ये आवाज चित्राच्या मागे-पुढे सरकू शकतो, म्हणून माझी पसंती ओबीएसलाच आहे.

ओबीएसमध्ये पहिल्यांदा बघायचा तो एन्कोडर. चित्र दाबायचं काम प्रोसेसरच्या माथी मारलं, तर गेमला आणि रेकॉर्डिंगला एकाच प्रोसेसरवर झगडावं लागतं. या कामासाठी चिपमध्ये वेगळा भाग असतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०११पासून क्विक सिंक आहे, एनव्हिडियाच्या कार्डांत २०१२पासून एनव्हेंक आहे, एएमडीचंही स्वतःचं आहे. म्हणजे तुमच्या जुन्या ऑफिसच्या डबड्यातही तो बहुधा आहे, फक्त त्याला कामाला लावलेलं नाही. सेटिंग्जमध्ये आउटपुटखाली एन्कोडरची यादी उघडा. त्यात क्विक सिंक किंवा एनव्हेंक दिसत असेल तर डोळे झाकून तो निवडा. 'एक्स२६४' हा प्रोसेसरवर चालणारा पर्याय आहे. दुसरं काहीच दिसलं नाही तरच तो घ्या, आणि त्याचा प्रीसेट 'सुपरफास्ट' किंवा 'अल्ट्राफास्ट' ठेवा.

स्वस्त कार्ड घेणाऱ्यांनी इथे सावध राहावं. जीटी १०३० हे कार्ड आपल्याकडे खूप खपलं, पण त्यात एनव्हेंक नाही. लॅपटॉपमधल्या एमएक्स १५०, एमएक्स २५० यांतही नाही. रेकॉर्डिंग सुधारेल म्हणून असं कार्ड घेतलं तर गेम थोडा बरा चालेल, रेकॉर्डिंगचा बोजा मात्र तिथेच राहील. ज्यांनी आधीच घेतलंय त्यांनी निराश होऊ नये. कार्ड बसवल्यावर बऱ्याच डेस्कटॉपमध्ये प्रोसेसरमधलं इंटेलचं ग्राफिक्स आपोआप बंद होतं. बायोसमध्ये जाऊन ते पुन्हा चालू करता येतं, आणि मग गेम कार्डावर आणि रेकॉर्डिंग क्विक सिंकवर अशी छान वाटणी होते. बायोसची भीती वाटत असेल तर कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून एवढंच काम करून घ्या.

आता ज्या तक्रारीवर सगळ्यात जास्त मुलं अडतात, तिच्याकडे येतो. 'खेळताना गेम लोण्यासारखा चालतो, पण व्हिडिओ बघितला की झटके मारतो.' याचं कारण असं. गेमला मोकळा सोडला तर तो ग्राफिक्स चिपची होती नव्हती तेवढी ताकद ओढून घेतो. ओबीएसलाही प्रत्येक चित्र उचलायला, त्याचा आकार बदलायला आणि पुढे एन्कोडरकडे द्यायला त्याच चिपचा थोडासा वेळ लागतो. गावात एकच गिरणी असावी आणि एकानेच सकाळपासून पोत्यांमागून पोती ओतत राहावं, तसं होतं. ओबीएसचा डबा रांगेतच राहतो. गेमच्या पडद्यावर ९० फ्रेम्स दिसत असतात आणि रेकॉर्डिंगमध्ये त्यातल्या धड वीसही पोहोचत नाहीत.

इलाज एकच, गेमला लगाम घाला. बहुतेक गेमच्या सेटिंग्जमध्ये कमाल फ्रेम रेट ठरवायची सोय असते. नसेल तर रिव्हाट्यूनर नावाचं मोफत सॉफ्टवेअर ते काम करतं. लगाम घालतानाही आकडा विचार करून निवडा. गेम ४५ फ्रेम्सवर चालतोय आणि तुम्ही ३० घेताय, तर कधी लागोपाठची दोन चित्रं उचलली जातात आणि कधी मधलं एक सुटतं. गेम अटकत नसूनही चाल लंगडी दिसते. गेम ६०वर बांधला आणि रेकॉर्डिंग ३०वर ठेवलं, की बरोबर एकाआड एक चित्र घेतलं जातं. म्हणून मशीन ६० टिकवत असेल तर ६०वर बांधा. तेवढं जमतच नसेल तर गेमही ३०वर आणि रेकॉर्डिंगही ३०वर. व्हॅलोरंटसारख्या नेमबाजीच्या गेममध्ये ३०वर खेळणं मला स्वतःला पटत नाही, नेम चुकतो आणि खेळण्यातली मजा जाते. तिथे चित्राची शोभा उतरवत न्या, पण ६० सोडू नका.

शोभा उतरवताना काय उतरवायचं, तेही महत्त्वाचं. सावल्या, प्रतिबिंबं, अँटी-अलायझिंग आणि लांबवरचा देखावा, या चार गोष्टी चिपला फार खातात आणि फोनवर बघणाऱ्याला त्या नसल्याचं कळतही नाही. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचं उदाहरण घ्या. रेंडर डिस्टन्स १६ ठेवला तर तुमच्याभोवती ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चंक, म्हणजे त्या जगाचे चौकोनी तुकडे, सांभाळावे लागतात. तोच ८ केला की १७ गुणिले १७, म्हणजे २८९. बोगद्यात खणताना पलीकडचा डोंगर दिसला काय आणि न दिसला काय, सारखंच. सोबत सोडियम हा मोफत मॉड टाकला तर जुन्या मशीनवरही फरक लगेच जाणवतो.

गेमसुद्धा १२८० गुणिले ७२०वरच चालवा, हे बरेच जण विसरतात. जुन्या लॅपटॉपचा पडदा १३६६ गुणिले ७६८चा असतो. गेम त्या मापात चालवून रेकॉर्डिंग ७२०पीमध्ये केलं, तर प्रत्येक ठिपका किंचित आवळला जातो आणि पडद्यावरची अक्षरं धूसर होतात. दोन्हीकडे एकच माप ठेवलं की अक्षरं स्वच्छ येतात आणि आकार बदलायचं कामही वाचतं. ओबीएसमध्ये पूर्ण पडदा पकडण्याऐवजी 'गेम कॅप्चर' वापरा, ते हलकं पडतं. ओबीएस 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडा, म्हणजे चिपवर ताण असताना विंडोज त्याला आधी वाट देतं. रेकॉर्डिंग सुरू झालं की प्रीव्ह्यू बंद करून टाका. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील आणि ओबीएसमध्ये नुसता काळा पडदा येत असेल, तर घाबरू नका. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन गेम आणि ओबीएस दोन्ही एकाच चिपवर चालतील असं करा.

आणि अंदाजाने बदल करत बसू नका. ओबीएसमध्ये 'स्टॅट्स' नावाची छोटी खिडकी आहे, ती उघडी ठेवून दोन मिनिटं रेकॉर्ड करा. रेंडरिंग लॅगमुळे फ्रेम्स सुटत असतील तर ग्राफिक्स चिप थकलेय, गेमचा लगाम आवळा. एन्कोडिंग लॅगमुळे गळत असतील तर एन्कोडरला झेपत नाहीये, प्रीसेट हलका करा किंवा माप उतरवा. नेटवर्कमुळे गळणाऱ्या फ्रेम्सचा संबंध फक्त लाइव्ह स्ट्रीमशी आहे, रेकॉर्डिंग करताना त्या ओळीकडे बघायचं कारण नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा दोन मिनिटं घ्या.

पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले रॅमवर करा. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच जागा आणि वेग घेतं. आठ जीबीची एकच पट्टी असेल तर चार-चारच्या दोन पट्ट्या, किंवा तशीच आणखी एक पट्टी, यामुळे रस्ता दुपदरी होतो आणि गेमला चांगलीच उभारी येते. सेकंड हँड रॅम कार्डाच्या मानाने बरीच स्वस्त मिळते.

आता लाईट जाण्याबद्दल. उन्हाळ्यात मराठवाड्यात, पावसात कोकणात, लाईट कधी जाईल ते सांगता येत नाही. साध्या एमपी४मध्ये रेकॉर्डिंग करत असाल आणि मधेच वीज गेली, तर तासाभराची सगळी फाइल उघडेनाशी होते, कारण त्या फाइलची अनुक्रमणिका लिहायचं काम अगदी शेवटी होतं. एमकेव्हीमध्ये तसं नाही. वीज गेली त्या क्षणापर्यंतचं जवळपास सगळं शाबूत राहतं. म्हणून रेकॉर्डिंग फॉरमॅट एमकेव्ही ठेवा आणि काम झालं की ओबीएसच्याच फाइल मेनूतल्या 'रीमक्स' पर्यायाने त्याचं एमपी४ करून घ्या. चित्राला हात न लावता काही सेकंदांत होतं. जिवाचं रान करून जिंकलेली मॅच अशी गमावू नका.

उकाड्याचाही विचार करा. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे दुपारी खोली तापलेली असताना चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते, आणि सकाळी नीट चाललेलं सेटिंग दुपारी अडखळतं. रेकॉर्डिंग पहाटे किंवा रात्री करा. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, चार्जर लावूनच खेळा, आणि पंख्यात साचलेली धूळ वर्षातून एकदा तरी साफ करून घ्या.

दर्जा ठरवताना ठरावीक बिटरेटपेक्षा सीक्यूपी किंवा आयसीक्यू हा पर्याय घ्या आणि आकडा २० ते २३च्या मधे ठेवा. जिथे हालचाल जास्त तिथे तो जास्त जागा घेतो, मेनूसारख्या शांत चित्रात कमी. सरासरी ८ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ८ मेगाबिट किंवा १ एमबी, धरलं तर मिनिटाला ६० एमबी, तासाला ३.६ जीबी. जुन्या हार्ड डिस्कलाही हे सहज झेपतं, त्यासाठी एसएसडी लागत नाही.

आवाजाकडे मात्र दुर्लक्ष करू नका. महागडा माइक नको. फोनबरोबर आलेल्या इयरफोनचा माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, शर्टाला घासणार नाही असा धरला तरी काम होतं. खिडकी लावा, पंखा बंद करा, आणि खोली घुमत असेल तर समोरच्या भिंतीवर एखादी गोधडी टांगा. ओबीएसमध्ये आवाजाचा पट्टा हिरवा, पिवळा आणि लाल असतो. बोलताना तुमचा आवाज पिवळ्यात राहावा, ओरडतानाही लालला टेकू नये, आणि गेमचा आवाज खाली हिरव्यात राहावा. पार्श्वभूमीची घरघर काढायचे दोन फिल्टर आहेत. आरएनएन-नॉइज जास्त चांगला आहे, पण प्रोसेसरवर थोडा भार टाकतो. मशीन अगदीच थकलेलं असेल तर स्पीक्स घ्या. तुमचा आवाज आणि गेमचा आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवा, म्हणजे नंतर एकाला कमी-जास्त करता येतं.

आणि बोला मराठीत, तुमच्या घरी बोलता तसं. वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडीत, मालवणी असेल तर मालवणीत, अहिराणी असेल तर अहिराणीत. मला हे मनापासून वाटतं. आपल्या बोलीत गेम समजावून सांगणारा आवाज कानावर पडला, की ऐकणारं पोर तिथेच थांबतं.

एडिटिंगसाठी आधी लॉसलेसकट वापरून नको असलेले भाग कापून टाका. तो चित्र पुन्हा दाबत बसत नाही, त्यामुळे जुन्या मशीनवरही झटपट होतं. अक्षरं, संगीत वगैरे टाकायचं असेल तर शॉटकट पुरे आहे, त्यात प्रॉक्सी चालू करा. दाविंची रिझॉल्व्ह उत्तमच आहे, पण आठ जीबी रॅमवर त्याच्या वाटेला जाऊ नका. सिनेमातलं गाणं मागे लावायचा मोह आवरा. कॉपीराइटचा दावा आला की त्या व्हिडिओची कमाई दुसऱ्याकडे जाऊ शकते किंवा व्हिडिओच बंद होतो. यूट्यूबच्या स्वतःच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत आहे.

अपलोडच्या वेळी यूट्यूब तुमची फाइल पुन्हा दाबतंच, म्हणून त्याच्या हाती चांगला माल द्या. त्यांची शिफारस ३० फ्रेम्सच्या ७२०पीसाठी ५ एमबीपीएस आणि १०८०पीसाठी ८ एमबीपीएस अशी आहे. त्याहून थोडं जास्त दिलं तर बरंच. दहा मिनिटांचा व्हिडिओ ८ एमबीपीएसने ६०० एमबी होतो. मोबाइलवर रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर हा हिशोब आधी करा. घरच्या वायफायवर अपलोडचा वेग ५ एमबीपीएस असेल तर एक जीबी चढायला साधारण २७ मिनिटं लागतात. डाउनलोडचा वेग बघून अंदाज बांधू नका, अपलोडचा वेगळा तपासा. नव्या चॅनलला १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ टाकता येत नाही. फोन नंबर देऊन पडताळणी केली की ती अट जाते.

व्हिडिओ चढल्याबरोबर पब्लिक करू नका. आधी हलकी प्रत तयार होते, एचडी प्रतीला वेळ लागतो. त्या अवधीत आलेल्या पहिल्या पाहुण्यांना पुसट चित्र दिसतं. अनलिस्टेड ठेवा, एचडी दिसायला लागलं की उघडा. ७२०पीचा व्हिडिओ बरोबर दुप्पट करून १४४०पीमध्ये चढवायची एक युक्तीही आहे. यूट्यूब त्या मापाला जास्त चांगल्या पद्धतीने दाबतं, त्यामुळे गवत, पाऊस, झाडी असलेल्या गेममध्ये चित्र कमी फुटतं. पण फाइल बरीच मोठी होते. घरी फायबर असेल तरच करा, मोबाइल डेटावर नको.

पालकांनाही एक विनंती. तेरा वर्षांखालच्या मुलाला यूट्यूबच्या नियमाने स्वतःचं खातं काढता येत नाही, त्याचं वय खोटं सांगून काढून देऊ नका. मोठ्या मुलाचं खातं असेल तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावायला त्याच्या शेजारी बसा. तो व्हिडिओ बनवताना आवाज तोलायला, चित्र कापायला, समजावून सांगायला शिकतोय. त्याने दोन तास शांत खोली मागितली तर द्या.

आणि व्हिडिओ जमला की त्याच्या खालच्या जागेत तुमचं सगळं सामान मराठीत लिहा. प्रोसेसर कोणता, रॅम किती, कार्ड आहे की नाही, कोणता एन्कोडर, फ्रेम्स कितीवर बांधल्या, काय उतरवलं. तसंच मशीन घेऊन बसलेलं दुसरं कुणीतरी बीडला किंवा साखळीला हेच शोधत असेल, आणि त्याला हे मराठीत फारसं कुठे सापडत नाही.